अध्यक्षबाईंच्या शोधात

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या कारखान्यात टाइम ऑफिसबाहेर एक फळा असतो. किमान वेतनाचा तक्ता, सणांच्या सुट्ट्या, पीएफचा कोड नंबर, आणि या गर्दीत कुठेतरी एक पिवळा पडलेला कागद: अंतर्गत समिती. चार नावं. पहिलं नाव बाईचं, कारण ते बाईचंच असावं लागतं. त्या नावापुढचा हुद्दा मात्र वाचण्यासारखा असतो. कुठे ‘अकाउंट्स असिस्टंट’, कुठे ‘रिसेप्शन’. कुठे तर हुद्दाच नसतो आणि आडनाव मालकाचं असतं.

कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारी ऐकणाऱ्या या समितीची अध्यक्ष कोण असावी हे नेमकं सांगतो. त्याच ठिकाणी वरिष्ठ पातळीवर नोकरी करणारी स्त्री. तशी कुणी नसेल तर त्याच मालकाच्या दुसऱ्या कचेरीतून किंवा युनिटमधून घ्यावी. हे कलम लिहिणाऱ्यांनी दहा माणसं काम करतात अशा प्रत्येक जागी एक तरी वरिष्ठ बाई असेल असं धरून चाललेलं दिसतं. बेळगावात तो कागद भरायला बसलं की कळतं, तक्रार वगैरे फार पुढची गोष्ट झाली. अध्यक्ष व्हायलाच बाई सापडत नाही. हा कायदा मला आवडतो तो यासाठीही. किती बायका कामाला आहेत ते कुणीही अभिमानानं सांगतो. त्या कुठवर पोचल्या, हे विचारायला हा एक कागद भाग पाडतो.

बायका तर आहेत. फाउंड्रीतलं, म्हणजे धातू ओतून वस्तू करणाऱ्या कारखान्यातलं, कोअर शॉप पुष्कळ ठिकाणी त्यांच्याच हातात असतं. कोअर म्हणजे ओतीव वस्तूत (कास्टिंगमध्ये) पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा. कोरड्या वाळूत तीन ते पाच टक्के सोडियम सिलिकेट मिसळायचं, मिश्रण कोअर बॉक्समध्ये ठासायचं, कार्बन डायऑक्साइड सोडायचा, कोअर अलगद काढून कोटिंग करायचं. गॅस कमी पडला तर कोअर उचलतानाच बसतो. जास्त झाला तर कडा भुसभुशीत होतात, आणि सुटलेली वाळू ओतताना धातूबरोबर वाहत जाऊन कास्टिंगमध्ये अडकते. गॅस किती वेळ सोडायचा हे कोअरच्या जाडीवर ठरतं. त्यात बेळगावचा पाऊस. तयार कोअर दोन दिवस मांडणीवर पडून राहिला की ओल धरतो, मग तोच कोअर साच्यात गेल्यावर कास्टिंगला छिद्रं पडतात. कोणता कोअर आज वापरायचा आणि कोणता बाजूला काढायचा हे हातात घेऊन सांगणाऱ्या बायका प्रत्येक जुन्या फाउंड्रीत दोन-तीन तरी असतात.

त्यांच्या हजेरी कार्डावर लिहिलेलं असतं ‘हेल्पर’.

किमान वेतनाची वर्गवारी अकुशल, अर्धकुशल, कुशल अशी चालते. हेल्पर म्हटलं की अकुशलचा दर. पंधरा वर्षांनी वरची जागा निघाली तरी कार्डावर हेल्परच, मग तिचं नाव यादीत येणार कसं? समान कामाला समान मोबदला हा कायदा १९७६ सालचा, आता तो वेतन संहितेत आला आहे. पण तो तुलना मागतो. सारख्या कामावरचा पुरुष दाखवा आणि त्याचा पगार दाखवा. कोअर शॉपमध्ये सगळ्या बायकाच; तुलनेला पुरुषच नाही. शंभर टक्के बायकांचा विभाग हा कौतुकाचा विषय म्हणून पाहुण्यांना दाखवतात, आणि भेदभाव नेमका तिथेच कुणाला न दिसता मुरतो.

यावरचा उपाय एका दुपारचा आहे. हजेरीपटावरची नावं एका कागदावर उतरवा. प्रत्येक नावापुढे गेल्या महिन्यात तिनं प्रत्यक्ष केलेली कामं लिहा. त्याच्यापुढे लिहा, हे काम नवख्या माणसाला शिकवलं तर त्याचं रिजेक्शन जुन्यांच्या बरोबरीला यायला किती दिवस लागतील. दोन दिवस लागत असतील तर हेल्पर म्हणा, हरकत नाही. दोन-तीन महिने लागत असतील तर ते कुशल काम आहे आणि कार्ड बदललं पाहिजे. हा कागद मालकानं आणि फोरमननं वेगवेगळा भरावा, मग ताडून बघावा. फरक पडतो तिथेच खरी चर्चा होते.

कारखान्याबाहेरही हेच. वडगाव-खासबागच्या विणकरी मागावर कांड्या भरणारी घरची बाई कुठल्याच पटावर नसते. साडीचा हिशोब मागवाल्याच्या नावानं होतो. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात. निपाणीकडे विडी हजारावर मोजतात, आणि छाट, म्हणजे नापास विड्या, किती काढायची हे घेणारा ठरवतो. त्याच निपाणीत तंबाखूच्या वखारींतल्या बायकांनी १९८० च्या आसपास संघटना बांधली, मालकांशी समोर बसून बोलणी केली. सीमाभागातल्या बायकांत पुढारपण नाही, त्यांना शिबिरात नेऊन ते शिकवावं लागतं, असं कुणी म्हणालं की मला निपाणी आठवते. वखारीत धुरळा खाणाऱ्या बायकांना पुढारपण येतं, तर कारखान्यातल्या पोरींना का येऊ नये? अडतं ते शिडीच्या एकेका पायरीवर, आणि ती पायरी अगदी जमिनीवरची, हाताला लागेल अशी असते.

मशीन शॉपचं उदाहरण घ्या. सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथवर, आता आयटीआय झालेल्या, डिप्लोमा झालेल्या मुली दिसतात. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, लावायचा, चक आवळायचा, सायकल स्टार्ट, झालेला जॉब काढून गेज लावायचा. गेजचं ‘गो’ टोक जातं, ‘नो-गो’ टोक जात नाही, टाक क्रेटमध्ये. हे ऑपरेटरचं काम. जॉब मापाबाहेर जायला लागला की ऑफसेट, म्हणजे हत्याराच्या जागेची मशीनमधली दुरुस्ती, बदलायचा, हे सेटरचं. सेटर बहुधा मुलगा असतो, आणि सुपरवायझर सेटरांतूनच होतात. म्हणजे ऑफसेटच्या बटणाला हात लावायची मुभा मिळाली नाही तर पुढचं सगळं तिथेच खुंटलं. ही बंदी कुठे लिहिलेली नसते. ‘अक्का, तुम्ही नका, मी करतो की,’ एवढ्या गोडीनं ती पाळली जाते.

कारण विचारलं तर सांगतात, माल वाया जाईल. भीती खोटी नाही, पण तिचं माप काढून बघावं. समजा, व्यास २५.०० हवा आणि जॉब २५.०५ निघाला. एक्सच्या वेअर ऑफसेटमध्ये वजा ०.०५ द्यायचे. घाईत चिन्ह चुकून अधिक ०.०५ दिले तर पुढचा जॉब २५.१० निघेल. तो जाड आहे. पुन्हा मशीनवर चढवून मापात आणता येतो. दशांश चुकून वजा ०.५ गेलं तर २४.५५, हा मात्र सरळ भंगारात. पण बहुतेक कंट्रोलमध्ये एका वेळी जास्तीत जास्त किती वेअर ऑफसेट देता येईल याची मर्यादा घालून ठेवता येते. ती घातली की ही दुसरी चूक मशीनच स्वीकारत नाही. मुलगा शिकत असतानाही ती मर्यादा हवीच होती. त्याचे वाया गेलेले जॉब ‘शिकतोय’ या खात्यात गेले आणि हिचे ‘बायकांना जमत नाही’ या खात्यात, एवढाच फरक.

शिकवायचा क्रम असा ठेवला तर नासाडी फारशी होत नाही. आधी दोन आठवडे मुलीनं फक्त लिहायचं: दर दहाव्या जॉबचं माप, आणि आपण असतो तर किती ऑफसेट दिला असता तो आकडा. सेटरनं प्रत्यक्षात काय दिला ते शेजारी. दोन्ही आकडे जुळायला लागले की सेटर बाजूला उभा असताना तिनं बटण दाबायचं. मग इन्सर्ट, म्हणजे हत्याराचं कापणारं टोक, बदलणं. इन्सर्ट बदलल्यावर पहिला जॉब मुद्दाम थोडा जाड काढायचा, मोजायचा, मग मापावर आणायचा. ही सवय इथेच लागली पाहिजे. सगळ्यात शेवटी नव्या जॉबची पूर्ण सेटिंग आणि फर्स्ट पीस अप्रूव्हलच्या कागदावर तिची सही. ही सही टाळू नका. पुष्कळ ठिकाणी मुलगी सगळं करते आणि सही शिफ्टचा सेटर करतो. वर्षअखेरीला बढतीसाठी कागद चाळले जातात तेव्हा ती कुठेच सापडत नाही. त्याहून वाईट म्हणजे तिनंच शिकवलेला पोरगा तिच्यावर सेटर होऊन बसतो, आणि हे इतकं नेहमीचं आहे की त्याचं कुणाला काही वाटेनासं झालंय.

आणखी एक अडचण कागदावर न दिसणारी. मशीन बंद पडली तर मेंटेनन्सवाला कुणाच्या फोनला लवकर येतो? ज्याच्याबरोबर तो फाटकाबाहेरच्या गाड्यावर चहा पितो त्याच्या. कुठल्या मशीनचा स्पिंडल आवाज करतो, कुठला जॉब पुढच्या आठवड्यात येतोय, हेही तिथेच कळतं. मुली त्या गाड्यावर उभ्या राहत नाहीत. राहिल्या तर दुसऱ्याच गोष्टी ऐकाव्या लागतात. म्हणून पाळी बदलताना दहा मिनिटं मशीनजवळच, वही उघडी ठेवून, जाणाऱ्यानं येणाऱ्याला सांगायचं, आणि ब्रेकडाउनची स्लिप वेळ टाकून भरायची, असा रिवाज पाडावा लागतो. स्लिपवर वेळ आली की कुणाच्या हाकेला किती वेळात ओ दिली ते महिन्याअखेरी सगळ्यांना दिसतं. बोलावं फारसं लागत नाही.

पाळीचा प्रश्न मोठा. मुली जनरल किंवा पहिल्या पाळीत. दुसरी सुटते रात्री अकरा-बाराला. सुपरवायझरला पाळ्या फिरून कराव्या लागतात, तेव्हा ‘ती दुसरी पाळी करू शकत नाही’ हे वाक्य येतं आणि विषय संपतो. कारखाना कायद्यानं स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढीच मुभा होती. कर्नाटकानं २०१९ मध्ये अटी घालून रात्रपाळी खुली केली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितेतही स्त्रीच्या संमतीनं रात्री काम करता येतं. म्हणजे कायद्याची आडकाठी राहिली नाही. राहिला तो रस्ता. येळ्ळूर, उचगाव, कडोलीकडच्या मुलीला २०२३ पासून शक्ती योजनेत बस फुकट आहे, दिवसा त्याचा फार उपयोग होतो. कामाला जायचा खर्च वाचल्यानं कित्येकींचं घराबाहेर पडणं सोपं झालं. पण मध्यरात्री फुकट तिकीट घेऊन काय करायचं? गावाकडची गाडी कधीच गेलेली असते.

तेव्हा टेम्पो कारखान्यानं करायचा, आणि त्याचा मार्ग नीट आखायचा. सगळ्यात लांबच्या गावची मुलगी शेवटी एकटी ड्रायव्हरबरोबर उरते, तिथेच ही व्यवस्था मोडते. दोन महिन्यांत घरचे म्हणतात, बास झालं. म्हणून एका गावच्या दोघींना एकाच पाळीत लावायचं. ते जमत नसेल तर शेवटच्या थांब्यापर्यंत एक सुरक्षा कर्मचारी सोबत द्यायचा. एकटीला दुसऱ्या पाळीत टाकून ‘समान संधी दिली’ म्हणणाऱ्यांना संधी फसलेलीच बघायची असते, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि एक लक्षात असू द्या, मालकानं पुरवलेली गाडी हेही २०१३ च्या कायद्यानं कामाचंच ठिकाण आहे. टेम्पोत काही घडलं तर ‘फाटकाबाहेरचं आम्हाला काय’ हे चालत नाही.

आता पैशाचं. बाळंतपणाची २६ आठवड्यांची पगारी रजा कुणी परवडवायची, हा प्रश्न मालक दबक्या आवाजात विचारतात. उत्तर पगारावर अवलंबून आहे. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असेल तर मुलगी ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत येते. मालक ३.२५ टक्के भरतो, ती ०.७५ टक्के भरते, आणि बाळंतपणाच्या २६ आठवड्यांचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. अट एवढीच, की आधीच्या लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून किमान ७० दिवसांचं अंशदान जमा असावं. म्हणजे शॉप फ्लोअरवरच्या बहुतेक मुलींच्या रजेचा पगार मालकाला द्यावाच लागत नाही. हे माहीत नसलेले मालक, आणि न सांगणारे हिशोबनीस, दोन्ही पुष्कळ आहेत.

खरी गोम पुढे आहे. मुलगी सेटर झाली, लाइन इन्चार्ज झाली, पगार २१,००० च्या वर गेला की चालू कालावधी संपताच ती ईएसआयमधून बाहेर पडते. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे ते कालावधी. त्यानंतर बाळंतपणाच्या रजेचा पगार मालकानं स्वतः द्यायचा. २४,००० पगार असेल तर सहा महिन्यांचे १ लाख ४४ हजार. बढतीच्या त्याच पायरीवर बाई मालकाला एकदम महाग वाटायला लागते, आणि ती पायरी येते ती नेमकी पंचविशी-तिशीच्या वयात. मालकाच्या मनातलं हे गणित खरं आहे. ते नाकारून भाषणं करण्यात अर्थ नाही. ते मांडावं आणि त्याच्यापुढे दुसरं गणित मांडावं. हा खर्च पूर्ण नोकरीत फार तर दोनदा येतो. तयार सेटर सोडून गेला तर नवा घडवायला लागणारा वेळ, त्यातलं रिजेक्शन, उशिरा गेलेला माल, हा खर्च मुलगे सोडून जातात तेव्हाही येतोच, आणि सेटर झालेले मुलगे पुण्याला जातातच की. तरीही छोट्या मालकावरचा हा भार सगळ्या उद्योगानं किंवा सरकारनं वाटून घ्यायला हवा असं मला वाटतं. ईएसआयची मर्यादा बाळंतपणापुरती उठवली तरी पुष्कळ काम होईल.

कर्नाटक सरकारनं २०२५ मध्ये मासिक पाळीसाठी महिन्याला एक पगारी रजा मंजूर केली. चांगलंच झालं. पण ती रजा मागायची कुणाकडे? शिफ्टवर एकच सुपरवायझर, तोही गावातल्याच ओळखीचा, चुलत्याच्या वयाचा. मुलगी पोटदुखी सांगून बिनपगारी घरी जाईल, पण ही रजा मागणार नाही. वरच्या जागेवर बाई असली तर हा प्रश्न दोन शब्दांत सुटतो.

पतसंस्था आणि सौहार्द सहकारी संस्थांचं थोडक्यात. काउंटरवर मुली, पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करायला मुली, कर्ज समितीत पुरुष. संचालक मंडळात राखीव जागेवरच्या वहिनी असतात, पण कर्जाच्या फाइली मंगळवारी संध्याकाळी कुणाच्या तरी दुकानात आधीच ठरून आलेल्या असतात. ऑक्टोबरात कित्तूर उत्सव आला की संस्थेत चन्नम्मांच्या तसबिरीला हार घालतात. १८२४ साली इंग्रजांच्या कलेक्टरशी लढलेल्या राणीला हार, आणि वहिनींना चहाचं विचारायला सांगायचं.

अध्यक्षपदासाठी आज वरिष्ठ बाई नसेल तर काय करायचं? समितीची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं असते. तेवढ्यात एका चांगल्या ऑपरेटरची सेटर आणि सेटरची लाइन इन्चार्ज होऊ शकते, वर लिहिलेल्या पायऱ्या टाळल्या नाहीत तर. तोवर समिती निदान कायद्यानं उभी राहील अशी तरी करावी. समितीसाठी लागणाऱ्या दहा माणसांची मोजणी करताना बायकाच मोजू नका. ‘आमच्यात बायका तीनच’ हे उत्तर चुकीचं आहे. पुरुष, कंत्राटी, रोजंदारी, अप्रेंटिस, सगळे मिळून दहा. समितीत अध्यक्ष, कर्मचाऱ्यांपैकी किमान दोघं, आणि बाहेरची एक व्यक्ती: स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली किंवा हा विषय जाणणारी. एकूणात निम्म्या तरी स्त्रिया. बाहेरची व्यक्ती म्हणून मालकाचा नेहमीचा वकील घेऊ नये. कागद पुरा होतो, पण मुली तिथे तोंड उघडत नाहीत. समिती नेमलीच नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. शेजारच्या गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये या समित्यांच्या अवस्थेवर खेद व्यक्त करून त्या खरोखर नेमल्या आहेत का ते तपासायला सांगितलं होतं.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. सहा प्रती द्यायच्या असतात. सात कामाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला जाते, त्यानं दहा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, नव्वद दिवसांत चौकशी पूर्ण. चौकशी चालू असताना तिला जास्तीची तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा कुणाची तरी बदली मागता येते. बदली करताना तिलाच हलवतात, ही नेहमीची चूक. तिनं मागितली नसेल तर त्याला हलवा. समेट फक्त तिनं मागितला तरच, आणि पैसे देऊन मिटवणं कायद्यात बसत नाही.

आमच्या भागात याला एक जास्तीचा पदर आहे. फळ्यावरचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत असतो. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला कानडी बोलता येतं, पण कानडी लिपीतला कायद्याचा मजकूर अडखळत वाचावा लागतो. बैलहोंगलकडच्या मुलीला मराठी कागदाचं तेच. सीमेचं राजकारण बाजूला ठेवून कागद दोन्ही भाषांत लावावा, खाली समितीतल्या दोघींचे फोन नंबर मोठ्या अक्षरांत, आणि तो टाइम ऑफिसबरोबरच बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावावा. तिथे तो कुणी बघत नसताना वाचता येतो. तक्रार मराठीत लिहिली म्हणून परत करू नये. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचंच काम आहे, असं कायदा म्हणतो. जबाब घेणारी बाई कानडीत किंवा इंग्रजीत उतरवून घेत असेल तर सहीआधी तो मुलीच्या भाषेत तिला पूर्ण वाचून दाखवावा, आणि वाचून दाखवल्याची ओळ जबाबाखाली लिहावी. ‘त्यानं हात धरला’ आणि ‘हात लागला’ यात चौकशीचा निकाल बदलतो, आणि भाषांतर करणारा बहुतेक वेळा कारखान्यातलाच कुणीतरी असतो.

दहापेक्षा कमी माणसं असलेली जागा, म्हणजे छोटी वर्कशॉप, टेलरिंगची युनिटं, दुकानं, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर अंतर्गत समितीचा उपयोग नाही. त्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. प्रत्येक तालुक्यात एक नोडल अधिकारी नेमायचा असतो, त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत त्या समितीकडे पाठवायची. आपल्या तालुक्यात तो अधिकारी कोण, हे खानापूर, चिकोडी, निपाणी, कुठेही असाल तिथल्या तहसीलदार कचेरीत विचारता येतं. तोंडी उत्तर मिळालं नाही तर अर्ज लिहून द्यायचा आणि पोच घ्यायची.